सतराव्या पानावरची खूण

एकदा एक तरुण अभ्यासक आपला पहिला शोधनिबंध घेऊन वृद्ध गुरूंच्या घरी आला. विषय होता घोंगडी विणण्याची जुनी रीत. निबंध चार दिवसांत परिषदेकडे पोचवायचा होता आणि स्वारी मोठ्या खुशीत होती.

गुरूंनी चौथे पान वाचले, मग पुन्हा वाचले. तेथे एक वाक्य होते: ‘चिंचोक्यांच्या खळीचा दाटपणा अनामिकेवरील ओघळाच्या गतीवरून निश्चित केला जात असे.’ लोकरीचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला चिंचोके उकडून केलेली खळ लावतात. ती खळ तयार झाली की नाही, हे ओळखण्याची ही खूण होती.

“हे कुठे मिळाले?” गुरूंनी विचारले.

“डिजिटल ग्रंथालयात, सर. पण उतारा घेतलेला नाही, वाक्य संपूर्ण माझे आहे. जिथे शब्द जसेच्या तसे घेतले, तिथे अवतरणचिन्हे आहेत, तळटीपही आहे. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने फक्त दोन टक्के दाखवले.”

“सांगणे कुणाचे होते?”

शिष्य अडखळला. “शोधपेटीत ‘खळ’ टाकले, तर थेट सतरावे पान उघडले. कुठल्याशा जुन्या मुलाखतीचे टिपण होते. पहिले पान काही पाहिले नाही.”

गुरू रागावले नाहीत. त्यांनी कागदांची घडी घातली आणि म्हणाले, “उद्या सकाळच्या एसटीने आपल्याला एका गावी जायचे आहे. निबंध बरोबर घे.” हातात चार दिवस असताना हा प्रवास कशाला, असे शिष्याच्या मनात आले, पण त्याने निबंध पिशवीत घातला.

माणदेशातल्या त्या गावी गजराबाई नावाची ऐंशी ओलांडलेली म्हातारी ओसरीवर लोकर निवडत बसली होती. गुरूंनी नमस्कार केला. “बाई, या माझ्या विद्यार्थ्यानं घोंगडीवर लिहिलंय. जरा ऐकता का?”

शिष्याने चौथे पान वाचून दाखवले. “लई चांगलं लिवलंय,” म्हातारी म्हणाली. तिला त्यातले एक अक्षर कळलेले नव्हते, हे उघड होते. आपल्या विद्वत्तेचे बहुधा असेच होते. जिची गोष्ट, तिलाच ती ओळखू येत नाही.

“आता त्यांना कळेल असं सांग,” गुरू म्हणाले.

“आजी, खळ करंगळीशेजारच्या बोटावर घ्यायची नि हात उभा धरायचा. ओघळ मनगटाच्या अलीकडेच थांबला, की खळ झाली.”

म्हातारीचे हात थांबले. “ही माझी खूण हाय,” ती म्हणाली. “मला आन् माझ्या थोरल्या भनीला सोडून कुणाला ठावं न्हाई. तुला कुणी सांगितली?”

शिष्याने चौथे पान पुन्हा पाहिले; तेथे कुणाचेच नाव नव्हते.

“मीच सांगते. त्याच भनीनं, कोंडीनं सांगितली आसंल, आपली म्हणून. आयच्या हातमागावरनं भांडलो आम्ही, चाळीस वर्सं झाली. मग त्वांड बघितलं न्हाई. बारा वर्सांमागं ती गेली, मी मातीलाबी गेले न्हाई. चोरटी! माझी खूणबी घिऊन गेली!”

शिष्याने गुरूंकडे पाहिले, पण ते खाली मान घालून बसले होते. मग त्याने मोबाइल काढला, अंगणाच्या कोपऱ्यात रेंज मिळाली तिथे उभा राहिला आणि सतरावे पान उघडले. या वेळी तो पाने मागे सारत पहिल्यापर्यंत गेला. तेथे तीस वर्षांपूर्वीची तारीख होती. ‘सांगणार: कोंडाबाई.’ खाली तिचा अंगठा. ‘लिहून घेणार’ यापुढे त्याच्या गुरूंचेच नाव होते.

मग त्याने अठरावे पान उघडले. त्या पानावर ‘खळ’ हा शब्द नव्हता, म्हणून त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. ओसरीवर येऊन त्याने ते मोठ्याने वाचले: “‘ही खूण माझी न्हाई बरं का. माझ्या धाकटीची, गजरीची. धा वर्सांची आसताना तिनं काढली. आता आमचं बोलणं न्हाई, पर खूण तिचीच. लिवणार आसला तर तिचं नाव लिवा.’”

“परत वाच,” म्हातारी म्हणाली.

त्याने परत वाचले. मग तिसऱ्यांदा वाचले. म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि ती मोठ्याने रडू लागली. “आन् मी तिच्या मातीला गेले न्हाई रं,” ती म्हणत होती.

परतीच्या एसटीची वाट पाहताना गुरू बोलले.

“हे मीच तीस वर्षांपूर्वी येऊन त्यांना सांगायला हवे होते. लिहून ठेवले म्हणजे आपले काम झाले, असे मला वाटले. ती माझी चूक. आता तुझी ऐक. शब्द बदलले म्हणून सांगणे आपले होत नाही. कोंडाबाईंना सही येत नव्हती. पण दुसऱ्याची गोष्ट सांगताना त्याचे नाव सांगायचे, एवढे येत होते, आणि तेही भांडण असताना. तू ते नाव गाळलेस, म्हणून आज एक प्रामाणिक बाई चोर ठरली. ती जिवंत नाही. तिची बाजू फक्त त्या पानावर होती, आणि तिथे जायची वाट तू पुसून टाकली होतीस.”

शिष्याने विचारले, “सर, तुमचेही नाव लिहू ना?”

“लिही, शेवटी. माझ्या ऐकण्यात काही चुकले असेल, तर लोकांना मला धरता आले पाहिजे.”

त्याच संध्याकाळी शिष्याने ते वाक्य तसेच ठेवून खाली टीप लिहिली: खूण गजराबाईंची, सांगणार कोंडाबाई, लिहून घेणारे गुरू, पाने सतरा व अठरा, ग्रंथालयाचा दुवा, पाहिल्याची तारीख. टीप वाक्याहून लांब झाली. मग तो पहिल्या पानापासून बसला आणि आपल्या शब्दांत मांडलेल्या प्रत्येक वाक्याशी थांबून स्वतःला ‘तुला कुणी सांगितली?’ हा म्हातारीचाच प्रश्न विचारू लागला. निबंध त्या परिषदेला वेळेत पोचला नाही.

ही गोष्ट मला त्या शिष्याने सांगितली. शब्द माझे आहेत, गोष्ट त्याची. तो म्हणतो, त्याचीही नव्हे, गजराबाई आणि कोंडाबाईंची.