सुताराच्या ढोल्या आणि मैनेची अंडी

डोंगरउताराच्या एका रानात एक सुतारपक्षी राहत असे. चोचीत त्याच्या मोठं कसब, पण जीव मुलखाचा घाबरट. पांगाऱ्याच्या खोडात तो अशी ढोली कोरायचा की बघत राहावं. मैना, पोपट, पिंगळे त्याला एकदाच पोटभर अळ्या आणून द्यायचे आणि ढोली कायमची घ्यायचे. मग ती गळो की फुटो, सुतार पुन्हा तिकडे फिरकत नसे.

पण पलीकडच्या उंबरावर एक तांबट आला आणि त्यानं नवीच टूम काढली. "ढोली विकत कशाला घेता? येऊन राहा, रोज एक उंबर द्या. नाही पटलं तर खुशाल उडून जा!" मुलांनो, सॉफ्टवेअर कंपन्यांचंही असंच झालं. पूर्वी त्या प्रोग्रॅम एकदाच विकायच्या, आता महिन्याच्या वर्गणीवर वापरायला देतात. झालं! सगळी पाखरं तांबटाकडे पळाली. "मेलो, मी मेलोच आता!" म्हणत सुतारानंही दुसऱ्याच दिवशी ढोल्या रोज एका अळीवर राहायला दिल्या. पाखरं परत आली आणि त्याच्या जिवात जीव आला.

पण हा दिलासा किती दिवस टिकणार? पूर्वी पोपट गळक्या ढोलीतही कुरकुरत का होईना राहायचा, कारण दिलेल्या अळ्या थोड्याच परत मिळणार होत्या! आता तो सरळ उडाला. मागोमाग पिंगळाही गेला. कुठे पंख फडफडले की सुतार दचकायचा, "कोण गेलं? आता कोण गेलं?" माझ्या ढोल्या जुन्या दिसत असतील, असं त्याच्या मनानं घेतलं. मग काय, दिवसभर टकटक टकटक! आणखी ढोल्या, आणखी गोल दारं. त्या सगळ्या रिकाम्या पडल्या आणि राहायला उरली एकटी मैना.

एके सकाळी तीही धापा टाकत आली.

"सुतारभाऊ, दोनदा सांगून गेले. ढोलीला बुडाशी चीर पडलीय, मुंगळे आत येताहेत."

"ऐकलं की मैनाताई! म्हणून तर तुझ्यासाठी ही नवी कोरतोय. बघ, केवढी खोल आहे!"

"काय करू तिला? माझी तीन अंडी आहेत आत! ती काय चोचीत धरून घर बदलू?" मैनेला रडू फुटलं. "रोज दाराशी येऊन अळी घेऊन जाता. एकदा तरी आत डोकावलात?"

सुताराची मान खाली गेली. खरंच, तो कधी डोकावला नव्हता. तो तसाच तिच्यामागून उडाला. आत पाहतो तो काय, मुंगळ्यांची काळी रांग अंड्यांवर चढलेली आणि एका अंड्याला भोकही पडलेलं. चोच आत घालून त्यानं आपली लांब जीभ थेट चिरेत खुपसली आणि एकूण एक मुंगळा मटकावला. मुंगळे म्हणजे तर सुताराचं आवडतं खाणं! मग ओल्या मातीनं त्यानं चीर लिंपून टाकली. पोट इतकं भरलं की ढेकर आली आणि त्या ढेकरेची त्याला लाज वाटली.

"ताई, ज्याच्यासाठी मी रानभर वणवणतो, ते इथे रोज माझ्यासाठी वाढून ठेवलेलं होतं. मीच कधी आत डोकावलो नाही."

मैना उरलेल्या दोन अंड्यांवर पंख पसरून बसली. "या दोघांना तरी पंख फुटेपर्यंत रोज येत जा, भाऊ. तिसऱ्याला उशीर झाला."

तात्पर्य : एकदाच विकणाऱ्याचं काम वस्तू दिली की संपतं. पण रोज मोबदला घेणाऱ्याला रोज जाऊन बघावं लागतं. विकण्याची तऱ्हा बदलली आणि काम करण्याची तऱ्हा तीच राहिली, तर नुकसान आधी गिऱ्हाइकाचं होतं आणि मग आपलं.