टोक नसलेलं मूळ

तालुक्याच्या एका गावी एक आचार्य होते. जीवशास्त्र शिकवता शिकवता ते इतके थोर झाले, की त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोयच उरली नाही.

त्यांचा एक शिष्य होता. बाविसाव्या वर्षी तो त्यांच्या शाळेत आला तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी होती, स्वतःच्या रीतीने शिकवायला स्वतःचा वर्ग. आचार्य म्हणाले, "थांब. पेशीसुद्धा विभागण्याआधी थांबते, आपली तयारी तपासून पाहते." शिष्य थांबला. पाण्याच्या पेल्यावर कांदे ठेवून मुळं फुटवायची, ती रंगवायची, दुसऱ्यांच्या तासांना काचपट्ट्या पुरवायच्या, यात पंचवीस वर्षं गेली.

पंच्याहत्तरीच्या दिवशी आचार्यांनी विश्वस्तांना बोलावलं. शाळा कुणाच्या हाती द्यायची, ते ठरायचं होतं. "आधी पेशीविभाजन पाहू," ते म्हणाले. शिष्याने सकाळीच खुडलेली मुळं पुढे ठेवली. आचार्यांनी स्वतः पातं उचललं, एका मुळाचं टोक कापून बशीत टाकलं आणि वरचा जाड तुकडा त्याच्या हाती दिला.

शिष्य चपापला. टोक टाकून वरचा भाग घेणं, ही तर पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक! पण गप्प बसायची सवय जुनी. त्याने तुकडा रंगात ऊन केला, काचेखाली अंगठ्याने दाबला आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावला.

विश्वस्तांतल्या व्यापाऱ्याने डोळा लावला. "अहो, या तर नुसत्या विटा रचल्यात. एकीच्या दोन होताना कुठे दिसतायत?" मग शिष्याकडे वळून, "पंचवीस वर्षं काय कांदे सोलत होतास का रे?"

सगळे खो-खो हसले.

आचार्यांनी हात वर केला. "चूक माझी. टोक मी टाकलं. मूळ वाढतं ते टोकाशी, तिथल्याच पेशी दुणावतात. वरचा भाग पाणी वाहतो, रोप धरून ठेवतो. नवं त्यात काही घडत नाही. मी तो वरचा भाग. आणि पेशी थांबते ती काही तास. मग जे आहे ते दुप्पट करते, दोन्ही लेकींना सारखं देते, आणि स्वतः मागे उरत नाही. मी उरलो. याला थांब म्हटलं ते याच्या तयारीसाठी नव्हे, माझ्या खुर्चीसाठी."

त्यांनी शाळेची किल्ली शिष्यापुढे केली. व्यापाऱ्याने डोळे पुसले. "केवढं थोर मन!" म्हाताऱ्यांना कबुलीच्याही टाळ्या मिळतात.

शिष्याने किल्ली घेतली नाही. त्याने बशी उचलली. टोक सुकून दोऱ्याएवढं झालं होतं.

"सर, हे आता पाण्यात घाला. वाढेल?"

त्याने बशी आचार्यांपुढे धरली.

"हे तुम्ही आज नाही कापलंत. पंचवीस वर्षांपूर्वीच कापलंत. आता मला वर्ग दिलात तर मी काय शिकवणार? तुमचंच, तुमच्याच शब्दांत. आणि नवं काही मागायला पहिला जो येईल, त्याला म्हणेन, थांब."

त्याने बशी धुऊन जागेवर ठेवली आणि तो निघून गेला.

आचार्यांनी किल्ली मुठीत घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. विटांसारख्या पेशी, ओळीने, शिस्तीत. किती तरी वेळ ते पाहत राहिले.

उशिरा देण्याला दान म्हणणाऱ्यांनी आधी बशीत डोकावून पाहावं.