खिंडीतला पाणपोईवाला

माणसं सगळीकडे पायी चालत जायची, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या खिंडीत एक पाणपोई होती आणि तिथं एक पाणपोईवाला होता. वर झावळ्यांचं छप्पर, खाली वाळूत बसवलेले रांजण, हातात पितळेचा तांब्या. बिचाऱ्याला आगापिछा कुणी नव्हता. खालच्या गावाने त्याला तिथं बसवलं होतं आणि त्याच्या दाण्यागोट्याची सोयही गावच बघायचं. पोटाची काळजी नव्हती. दुःख होतं ते वेगळंच.

पाणपोईवर पाणी कसं पितात, ठाऊक आहे ना? वाकायचं, ओंजळ तोंडाला लावायची आणि वरून पडेल ते पाणी घटाघटा प्यायचं. पिणाऱ्याची नजर ओंजळीत. तहान भागली की मान हलवायची, तोंड पुसायचं, ओझं उचलायचं आणि चालू लागायचं. दिवस मावळायच्या आत खिंड ओलांडायची असायची, कोण कशाला थांबतंय!

त्यामुळे पाणपोईवाल्याला जगाच्या ओंजळी पाठ होत्या. मेंदीच्या, चिखलाच्या, भेगाळलेल्या, बोट तुटलेल्या. पण त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. नाव तर कुणी विचारलंच नव्हतं. कधी कधी संध्याकाळी वाट ओस पडली की तो रिकाम्या रांजणात तोंड घालून स्वतःलाच हाक मारायचा. आतून हाक परत यायची. तेवढंच काय ते बोलणं.

"उद्या मी मेलो तर यातल्या एकालाही कळायचं नाही," तो मनाशी म्हणायचा, आणि त्याला फार एकटं वाटायचं.

एके दिवशी एका सरदाराचा कारभारी खिंडीतून चालला होता. पाणी पिऊन झालं आणि त्याने चक्क मान वर केली.

"वा रे गड्या! चांगला उंचापुरा आहेस की. आमच्या सरदारांना चोपदार हवाय. दारात उभं राहायचं, आल्यागेल्याची वर्दी द्यायची. येतोस?"

"तिथं लोक माझ्याकडे बघतील?"

"बघतील म्हणजे? तुझ्याकडे बघितल्याशिवाय कुणाचं पाऊल आत पडायचं नाही!"

झालं! दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण डोंगरातच राहणाऱ्याला ते कोण सांगणार? त्याने तांब्या रांजणावर पालथा घातला आणि निघाला. कुणाचा निरोप घेतला नाही. घेणार तरी कुणाचा?

सरदाराच्या दारात त्याला लाल पगडी मिळाली, चांदीच्या मुठीची काठी मिळाली. नियम एकच होता. पहाऱ्यावर असताना काठी हातातून सोडायची नाही, सोडली तर नोकरी गेली. सुरुवातीला गडी भलताच खूश होता. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून हसायचा, हात जोडायचा. "चोपदारसाहेब, तेवढी आमची वर्दी लवकर द्या हं!" त्याला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

मग एकदा तो तापाने अंथरुणाला खिळला. बरा होऊन परत आला, तर दारात बदलीचा माणूस उभा. चांगला बुटका, गलमिशावाला. डोक्यावर तीच पगडी, हातात तीच काठी. आणि लोक तसेच हसत होते, तसेच हात जोडत होते. "चोपदारसाहेब, तेवढी आमची वर्दी…" माणूस बदललाय हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तेव्हा कुठे त्याला उमगलं. अरे देवा, म्हणजे हे सगळे पगडीकडे बघत होते! खिंडीत निदान रांजण तरी हाकेला ओ द्यायचा, इथं तेही नाही. पुन्हा पगडी चढवून तो उभा राहिला, पण आता त्याचं मन कशातच लागेना.

अशात एका भर दुपारी एक म्हातारी कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन आली आणि पायरीवरच मटकन बसली.

"पाणी… कुणी पाणी देता का रे बाबांनो?"

पहारेकरी हलले नाहीत. चोपदाराने हातातल्या काठीकडे पाहिलं. चौकात कारभारी बसला होता, तो इकडेच बघत होता. चोपदाराने एक सुस्कारा टाकला, काठी भिंतीला टेकवली आणि माठातून तांब्या भरून आणला.

"वाक, आजी."

म्हातारी पिऊ लागली. चार घोट झाले आणि सवयीने त्याचा हात थांबला. तिने श्वास घेतला, पुन्हा ओंजळ धरली आणि मान वर न करताच म्हणाली, "अगं बाई! खिंडीतला ना रे तू? इथं काय करतोस?"

त्याने तांब्या खाली ठेवला. "आजी, तू माझं तोंड कधी बघितलंस?"

"तोंड कशाला बघायला हवं? बाकीचे ओततात आणि मोकळे होतात, प्यायचं तर पी नाहीतर ठसका लागून मर. तू मधे थांबतोस, श्वास घेऊ देतोस. खिंडीतून जाणारं कुणीही सांगेल. न सांगता गेलास मेल्या! आम्ही एकमेकांना विचारत होतो, आजारी पडला की काय म्हणून. नाव तरी काय रे तुझं?"

"गेनू," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला.

"काठी कुठाय?" कारभारी ओरडत आला. गेनूने डोळे पुसले आणि पगडी उतरवून त्याच्या हातात दिली.

खिंडीत रांजणांत पाचोळा साचला होता. गेनूने ते घासले, धुतले, भरले. पहिला वाटसरू आला, वाकला, प्यायला लागला. चार घोट झाले आणि गेनूचा हात थांबला. इतकी वर्षं त्या थांबण्यात तो गप्प उभा राहायचा. आज तो म्हणाला, "कुठून आलात, पाव्हणं?"

उत्तर द्यायला वाटसरूने मान वर केली.

सगळेच काही वर बघत नसत. संध्याकाळी वाट अजूनही ओस पडायची. पण गेनूने पुन्हा कधी रांजणात हाक मारली नाही.

तात्पर्य काय, तर काम जीव लावून केलं की न पाहताही लोक आपल्याला ओळखतात. तरीही एकटं वाटलं, तर काम सोडण्याआधी आपणच एक शब्द बोलून बघावा.