शेठची गाडी घोंघावते

माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखनातल्या चुका आणि साधे शब्द वाचकांनी पोटात घालावेत.

एकदा एका हमरस्त्यावरच्या गावात एक वृद्ध टायरपारखी राहत होता. त्याच्यापाशी ही विद्या शिकायला दूरच्या जिल्ह्यातून एक शिष्य आला होता.

एके दिवशी एक व्यापारी आपली नवी कोरी गाडी घेऊन तिसऱ्यांदा त्यांच्या टायरच्या दुकानात आला.

"उस्ताद, हे कंपनीचे टायर काढून टाका. इतके घोंघावतात, की गाडी घेतली की पिठाची गिरणी, तेच कळेना!"

शिष्याने खाली बसून रबरात नख रुतवले. ते सहज रुतले.

"मऊ आहेत, शेठ. कारखान्यातून असलेच कामचलाऊ येतात. बदलाच."

गिऱ्हाइकासमोर त्याने प्रथमच स्वतःचा निर्णय दिला होता. उस्तादांनी मान डोलवावी म्हणून तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

वृद्धाने टायरकडे पाहिलेही नाही. तो सरळ गाडीत जाऊन बसला.

"पोरा, तू मागे बस. शेठ, चला घाटाच्या पायथ्यापर्यंत."

मागच्या सीटवरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते. शिष्य बसताच ते कुरकुरले.

"शेठ, पूर्वी तुमच्याकडे स्कूटर होती ना?" वृद्धाने विचारले.

"होती की! आमची मंडळी मागे बसायची. उतार आला की माझा खांदा असा आवळायची! मी म्हणायचो, अगं, ब्रेक खाली आहे, माझ्या खांद्यात नाही!"

शेठ मोठ्याने हसले. मग बोलतच राहिले. पायथा आला, गाडी वळली, तरी त्यांचे बोलणे थांबले नाही.

दुकानाशी उतरताना वृद्धाने विचारले, "आज घोंघावली का?"

शेठ गोंधळले. "नाही बुवा. तुम्ही काही केलंत?"

"काही नाही. टायर उत्तम आहेत. अधूनमधून हवा दाखवायला येत जा."

गाडी गेल्यावर शिष्य खालच्या मानेने म्हणाला, "उस्ताद, तुम्ही टायर बघितलेसुद्धा नाहीत. माझं काय चुकलं?"

"पहिल्या खेपेलाच बघितले होते. कंपनी त्या गाडीला जुळतील असे टायर निवडते. रबर मऊ ठेवते, म्हणून ते लवकर झिजतात, पण आवाज कमी करतात. याहून शांत टायर आपल्या दुकानात नाही. तू रबर पारखलंस, ते वापरणारा माणूस पारखला नाहीस. मंडळी गेल्यापासून शेठ एकटे आहेत. ज्याच्याशी बोलायला कोणी नसतं, त्याला चाकाचा आवाजही सोसवत नाही. हे शेठना तोंडावर सांगायचं नसतं."

भाड्याच्या खोलीतला पंखा फार घरघरतो म्हणून शिष्याने स्वतः दोनदा घरमालकाशी भांडण काढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठ हवा दाखवायला आले. शिष्याने चारही चाके तपासली. हवा अगदी बरोबर होती.

त्याने हात पुसले, शेठशेजारचे दार उघडले आणि संकोचत म्हणाला, "चला शेठ, एक चक्कर मारून बघू."