ओल्या लंगोटांच्या तोरणाची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. बायांनो, मुठीत अक्षता घ्या. कहाणी संपेस्तोवर मूठ सोडायची नाही. आणि लंगोट म्हटलं की पदराआड हसायचं नाही. ही कहाणीच लंगोटाची आहे.

एक होतं आटपाट नगर. तिथं राजा होता, त्याची राणी केवडावती. राणीला नवसासायासानं मुलगा झाला. साखर वाटली, नगारे वाजले, सटवाई पुजली. राणी बाळाला छातीशी धरी, बाळ पिई. पिऊन झोपे, उठून रडे, रडलं की पुन्हा पिई. तान्ह्या बाळानं दुसरं काय करावं? राज्य करावं?

पण वाड्यात तोंडं फार. साठ तरी असतील. एकही गप्प बसेना.

मग सासू राजमाता आली. हातात चांदीची वाटी. म्हणाली, "सूनबाई, दूध पिळून दाखव. या घराण्याची रीत आहे. वाटी भरली तर आईनं पाजावं, न भरली तर दाईनं." राणीनं पिळलं. सासू पुढ्यात, दासी भोवती. वाटीचा तळ तेवढा भिजला. सासू म्हणाली, "राणीला दूध नाही."

मग माहेरपणाला आलेली नणंद आली. कडेवर तिचा गुटगुटीत लेक. तो तिनं बाळाशेजारी निजवला. म्हणाली, "याचे दंड बघा, त्याच्या काड्या बघा." हिचा वर्षाचा, राणीचा परवाचा. पण हे बोलायचं कुणी? नणंद म्हणाली, "राणीला दूध नाही."

मग राजवैद्य आला. दाराबाहेर उभा राहिला. बाळ पाहिलं नाही, नुसतं रडणं ऐकलं. म्हणाला, "रडतं म्हणजे उपाशी. राणीला दूध नाही."

झालं. मुदपाकखान्यात तेच, पागेत तेच, पाणवठ्यावर तेच. राणीला दूध नाही, राणीला दूध नाही. मग ठरलं की बारशाच्या दिवशी दूध पाजणारी दाई आणायची, बाळ तिच्या ओटीत घालायचं आणि सासूच्या महालात न्यायचं. राणीला कुणी विचारलंसुद्धा नाही. ती बाळाकडे बघे आणि रडे. "माझं सोनं उपाशी असलं तर मी त्याला मारतेय. पोटभर पीत असलं तर मी ते फुकट देऊन टाकतेय. कळावं कसं?"

दुपारची वेळ झाली. खिडकीखाली एक म्हातारी आली. "माई, काही वाढ गं." राणी म्हणाली, "आजी, लाडू देऊ?" "नको." "लुगडं देऊ?" "नको." "मोहोर देऊ?" "नको. तुझ्या बाळाचा ओला लंगोट दे."

राणी चमकली. बाजेखाली पाहिलं, टोपलीत पाहिलं, पाळण्यात पाहिलं. लंगोट कुठला मिळायला! म्हणाली, "आजी, लंगोट भिजला की दासी उचलतात आणि मागच्या दारानं नेतात. राजवाड्यात असलं दिसू नये, अशी रीत आहे."

म्हातारी म्हणाली, "वा गं रीत! आत काय जातं ते वाटीनं मोजायचं, आणि बाहेर येतं ते लपवायचं! अगं, वाटीला पाहून कुणाला पान्हा फुटलाय? बाळ ओढतं तसं वाटी ओढते का?"

राणीनं हात जोडले. "आजी, उपाय सांगा." "उपाय नाही, वसा सांगते. भिशील, लाजशील, टाकून देशील." "भिणार नाही, लाजणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

म्हातारी म्हणाली, "तर ऐक. बाळ मागेल तेव्हा पाज. पिताना कान दे, घोट गिळल्याचा आवाज येतो. पोट भरलं की बाळ आपण होऊन सोडतं, आवळलेली मूठ उघडते. आणि लंगोट कुणाच्या हाती देऊ नको, आपल्या डोळ्यांनी बघ. पहिले काही दिवस थोडेच भिजतात, घाबरू नको. पुढं दिवसरात्रीत पाच बोटं मोडून वर एक भिजला, शी पिवळी झाली, अंग भरू लागलं, की समज, दूध पोचतंय. पण लंगोट कोरडे राहिले, बाळ मलूल पडलं, प्यायला उठेनासं झालं, तर हट्ट धरू नको. त्याच पावली जाणत्याला बोलाव. दुसरीचं दूध पाजावं लागलं तर पाज, तुझं आईपण कमी होत नाही. वसा बाळासाठी आहे, तुझ्या मानासाठी नव्हे."

एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. ती जिवती होती, हे राणीनं ओळखलं.

मग राणीनं वसा धरला. दासी आली, "बाईसाहेब, लंगोट द्या." "देणार नाही." नणंद आली, "वहिनी, वास येतो." "येऊ दे. देणार नाही." सासूचा निरोप आला, "घराण्याची अब्रू जाते." "जाऊ दे. देणार नाही." राणी बोटं मोडून मोजी. पाच झाले, वर एक झाला, त्याच्यावर आणखी एक झाला. राणीनं डोळे पुसले.

बारशाचा दिवस उजाडला. राणी उठली, ओली बाळंतीण, तशीच महाद्वाराशी गेली. आंब्याचं तोरण सोडलं आणि दिवसरात्रीचे लंगोट, न धुता, ओळीनं बांधले. पाहुणे आले, थबकले. दाईचा मेणा आला, थबकला. पहिला थेंब राजवैद्याच्या पागोट्यावर पडला.

सासू धावत आली. "सूनबाई, लाज सोडलीस?" राणी म्हणाली, "लाज कसली? विहीर कोरडी असती तर पाट वाहिला असता का?" सासू म्हणाली, "पाणी शिंपडलं असशील." राणी म्हणाली, "बसा तर मग."

तिथंच देवडीत पदराआड राणीनं बाळाला घेतलं. साठ तोंडं गप्प झाली. घुटुक, घुटुक, घुटुक. सगळ्यांनी ऐकलं. बाळानं आपण होऊन सोडलं. इवलीशी मूठ उघडली. राणीनं लंगोट सोडून बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं आणि हात मागे घेतला. थोडा वेळ गेला. मग राजमातेचा भरजरी शालू मांडीपासून पावलापर्यंत भिजला.

बायका खुदकन हसल्या. राजा हसला. सासू हसली नाही, रागावलीही नाही. ओल्या जागेवर हात ठेवून बसून राहिली. म्हणाली, "ऊन आहे गं." मग म्हणाली, "माझ्या सासूनंही हीच वाटी आणली होती. माझाही तळच भिजला. लेक दाईच्या ओटीत गेला. त्याचा एक लंगोट माझ्या दृष्टीस पडला नाही." सासूनं राजाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "सूनबाई, मला दूध होतं का गं?"

राणीला रडू आलं. म्हणाली, "असेल, सासूबाई. कुणी बघितलंच नाही."

राजानं मान खाली घातली. राजमाता उठली, ओल्या शालूनिशी. दाईला साडीचोळी देऊन सन्मानानं परत पाठवलं. सोनाराला बोलावलं. त्याच्यापुढं वाटी टाकली आणि म्हणाली, "वितळव. माझ्या नातवाच्या पायांत वाळे घाल." मग वाळे वाजू लागले, आणि त्या वाड्यात पुन्हा कुणा सुनेपुढं वाटी आली नाही.

जशी जिवती केवडावतीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. घरोघरी दोऱ्या लंगोटांनी भरोत. कुणी वाटी घेऊन आलं तर तिला सोनाराचा रस्ता दाखवा. बाळाचं पोट भरलं, मूठ उघडली. आता तुम्हीही मुठी उघडा, अक्षता वाहा. साठां तोंडांची कहाणी, पांचांवर एका लंगोटाच्या उत्तरीं सुफळ संपूर्ण.