बाळकूच्या मफलरच्या गाठी

घाटमाथ्यावरच्या एका गावात बाळकू ढेबे नावाचा एक भोळा गडी होता. गावात भोळे आणखीही होते, पण ते अधूनमधून डोकं वापरायचे. बाळकू तसली लबाडी करत नसे. सांगितलं तेवढंच करायचं आणि सांगितलं तसंच करायचं, हा त्याचा धर्म. काही नवीन सांगितलं की तो गळ्यातल्या मफलरला एक गाठ मारायचा, आणि मग ती गोष्ट काही केल्या विसरायचा नाही. सगळी भानगड त्या न विसरण्यात होती.

वाण्यानं एकदा त्याला सांगितलं, "मी येईपर्यंत तराजूवरची नजर काढू नको." बाळकूनं नजर काढली नाही. एक इसम तराजू उचलून चालू लागला, तसा बाळकूही नजर लावून त्याच्यामागं शेजारच्या गावापर्यंत गेला. तराजू कोणाच्या घरात आहे ते तो आजही बिनचूक सांगतो. इकडं उघड्या दुकानातून गूळ गेला, तेल गेलं आणि बाळकूची नोकरीही गेली.

त्यानंतर त्याला ठेवून घेतलं ते हरेश्वर तांडेलांनी. तांडेल जन्मानं कोळी. आयुष्य जहाजाच्या इंजिनापाशी गेलेलं. म्हातारपणी दमा लागला आणि डॉक्टर म्हणाले, समुद्र सोडा. तांडेलांनी समुद्र सोडला, डोंगरावर घर घेतलं आणि दिवाणखान्यात भिंतभर काचेची टाकी बसवून समुद्र परत घरात आणला. खारं पाणी, त्यात जिवंत पोवळी आणि नारिंगी पट्ट्यांचे चार मासे. आता समुद्र कोकणातला आणि थंडी घाटावरची. माशांना पंचवीस अंशांचं पाणी लागतं आणि इथं जानेवारीत दातावर दात वाजतात. म्हणून पाण्यात हीटरची काचेची दांडी सोडलेली होती. दर हिवाळ्यात ती दांडी दगा द्यायची आणि दर हिवाळ्यात मासे मरायचे. दोन हिवाळे असे गेले.

तांडेलांच्या बायकोला, सुमतीबाईंना, हे थेर मान्य नव्हते. त्या म्हणायच्या, "मासा ताटात असतो. त्याला ऊब देत बसणारं घर मी कोळणीच्या जन्मात पाहिलं नाही." या वर्षी त्यांनी निकालच लावला. "यंदा एक जरी मासा मेला, तरी टाकी बाहेर आणि हा बाळकूही बाहेर. त्या काचेत मी सुक्या कोळंबीचे सोडे भरून ठेवीन."

बाळकूचा त्या माशांवर फार जीव होता. सकाळी आल्याबरोबर तो चौघांना वेगवेगळा रामराम घालायचा. गावात त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारे तेवढेच चौघे होते.

जानेवारीत तांडेल नवराबायको लेकीकडे अलिबागला निघाले. तांडेलांनी बाळकूला टाकीसमोर उभं केलं. "हीटरवर हा लाल दिवा आहे. तो विझला की मला लगेच फोन करायचा."

बाळकूनं मफलरला गाठ मारली.

गाडी घाट उतरेपर्यंत फोन वाजला. "साहेब, दिवा इझला." तांडेल दचकले. तेवढ्यात बाळकू म्हणाला, "लागला." दहा मिनिटांनी पुन्हा फोन. अलिबाग येईपर्यंत दिवा एकोणीस वेळा विझला आणि एकोणीस वेळा लागला. सुमतीबाईंनी गाडीत डोळे मिटून घेतले.

"अरे बाबा," तांडेल म्हणाले, "पाणी हवं तेवढं तापलं की दिवा आपोआप विझतो. दिवा विझला म्हणजे सगळं ठीक. समजलं?"

"समजलं. इझला म्हंजे ठीक." दुसरी गाठ.

दुसऱ्या दिवशी हीटर खरोखरच मेला. दिवा सकाळी विझला तो लागेचना. बाळकूला बरं वाटलं. इतकं ठीक आजवर कधी नव्हतं. मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते. त्यांनाही निवांत वाटत असेल, असं म्हणून तो भाकरी खायला बसला. दुपारी तांडेलांनीच फोन केला.

"काय म्हणतोय दिवा?"

"सकाळधरनं इझलेलाच हाय. लई म्हंजे लईच ठीक हाय."

तांडेलांना तिथल्या तिथे दम लागला. तो ओसरल्यावर ते म्हणाले, "दिवा सोड. काचेवर तापमानाचं गोल घड्याळ चिकटवलंय, त्याचा काटा बघ. कितीवर आहे?"

"एकवीस."

"ऐक. कपाटात दुसरा हीटर आहे तो लाव. टाकीचं झाकण बंद कर, चहूबाजूंनी गोधड्या गुंडाळ, बाटल्यांत गरम पाणी भर, बुचं घट्ट लाव आणि वर तरंगत सोड. काटा पंचवीसवरून हलला की गोधडी. विसरू नकोस."

बाळकू आणि विसरणार? तिसरी गाठ पडली. दोन गोधड्या, चार बाटल्या, दुसरा हीटर. संध्याकाळपर्यंत काटा पंचवीसवर आला, गोधड्या निघाल्या आणि मासे पोहू लागले. बाळकूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं मफलरनं पुसलं, पण गाठींनी आखडलेला मफलर आता कानापर्यंत पोचत नव्हता.

दुसरा हीटर पहिल्याच्या उलट निघाला. पहिला तापेना, हा थांबेना. सकाळी काटा सव्वीसवर गेला. काटा हललेला होता. बाळकूनं गोधडी गुंडाळली. काटा सत्तावीस. दुसरी गोधडी. काटा अठ्ठावीस. बाळकू घरी पळत गेला आणि बायकोच्या अंगावरची तिसरी ओढून आणली. बायको तापानं फणफणली होती. ती काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मासे पाण्यावर येऊन तोंडं वासू लागले, तेव्हा मात्र बाळकूनं फोन लावला.

"साहेब, तीन गोधड्या झाल्या. तरी काटा पंचवीसला येईना. आता शेजाऱ्यांच्या मागू का?"

"कितीवर आहे?"

"तीस."

तांडेल असे ओरडले की अलिबागला नातू जागा झाला. "प्लग काढ! गोधड्या काढ, झाकण काढ, पंखा लाव! सकाळपासून काय वाट बघत बसलास? टाकीचं कुठलंही काम हाती आलं की लगेच करायचं. थांबायचं नाही, एक क्षण थांबायचं नाही."

चौथी गाठ. मासे वाचले. जुने हीटर गावातल्या मोटर दुरुस्त करणाऱ्या इसमाला न दाखवता तांडेलांनी अलिबागहून नवाच हीटर एसटीच्या ड्रायव्हरबरोबर धाडला. आणि माणूस बाजारात गेला की हात आवरत नाही, त्यामुळे बरोबर पिशवीत पाणी भरून पाचवा मासाही धाडला.

पिशवी हाती आली. बाळकू थांबला नाही. एक क्षणही थांबला नाही. स्टँडपासून धावत येऊन, दारातूनच नेम धरून, पिशवी पाण्यासकट टाकीत उलटी केली. पाचवा मासा एक गिरकी मारून आडवा झाला. बाळकूनं रडतच फोन लावला.

तांडेल आता ओरडत नव्हते. त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा शांत झाला होता. "बाळकू, चुकलं माझं. मीच सांगायला हवं होतं. गरम मुलखातून जो जीव थंड जागी येतो, त्याला एकदम आत सोडायचं नसतं. दगावतो. आधी दाराशी, ज्या पिशवीतून आलाय तिच्यातच बंद ठेवायचा. वरून काहीतरी पांघरून अंधार करायचा. मग ज्या घरात त्याला राहायचंय तिथलं पाणी दर दहा मिनिटांनी वाटी वाटी त्याच्यावर सोडायचं. सुरुवातीला तडफडतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. अगदी शांत झाला की समजायचं, सवय झाली. मगच आत."

बाळकूनं पाचवी गाठ मारली. मफलरला आता गाठींशिवाय काही उरलं नव्हतं. सुदैवानं संध्याकाळी पाचवा मासा सरळ झाला. नवा हीटर नीट चालला. काटा पंचवीसवर खिळून राहिला, पोवळी फुलून आली आणि पाचही मासे जिवंत होते. इतकं सुखरूप त्या टाकीत तीन वर्षांत कधी नव्हतं.

चार दिवसांनी सुमतीबाई एकट्याच पुढे निघाल्या. तांडेलांना नातवानं सोडलं नाही. निघताना बाई म्हणाल्या, "मी जाऊन मोजते. पाच असतील तर बाळकू राहिला. चार असतील तर सोडे भरायला घेते." तांडेल हसले. पाच आहेत हे त्यांना ठाऊक होतं. ते चार दिवस बाळकूला काहीही न सांगण्याची खबरदारी त्यांनी घेतली होती.

भाड्याची जीप घरासमोर थांबली. ड्रायव्हर उतरून बाळकूला म्हणाला, "मागचं दार आतनं उघडत न्हाई. तू बाहेरनं उघड, मी जेवून येतो." बाळकू दाराशी गेला. आत सुमतीबाई. अलिबागच्या उन्हातून आलेल्या, अंगात बिनबाह्यांचं पोलकं, खिडकीची काच अर्धी खाली.

बाळकूचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं मफलर चाचपला.

तासाभरानं तांडेलांनी फोन केला. बायकोचा फोन लागत नव्हता.

"बाळकू, बाई पोचल्या का?"

"पोचल्या, साहेब."

"मासे पाहिले का त्यांनी?"

"मासे पाचीच्या पाची झ्याक हैत. पण बाईंस्नी अजून आत सोडल्या न्हाईत."

तांडेल खुर्चीतून उठून उभे राहिले.

"तुमी काळजी करू नगा. समदं सांगितल्यापरमानं चाललंय. गाडी बंद हाय, वर तीन गोधड्या टाकून अंधार केलाय. फोन पैल्या वाटीलाच भिजला त्यांचा. आपल्या घरातलंच पानी घालतोय, माठातलं. सात वाट्या झाल्या. तडफड लई हाय, पर मी तिकडं लक्ष देत न्हाई."

"बाळकू," तांडेल कसेबसे म्हणाले, "दार उघड."

"उघडतो की. पर अगदी शांत झाल्याबिगार सोडायचं न्हाई म्हनला व्हतात. ऐका तुमीच." त्यानं फोन गोधडीच्या फटीला लावला. तांडेलांनी सगळं ऐकलं. पस्तीस वर्षांच्या संसारात न ऐकलेलंही त्यात पुष्कळ होतं.

"बगा, अजून सवय झाली न्हाई," बाळकू म्हणाला. "फोन ठेवतो, साहेब. माठात एवढंच व्हतं. हिरीवरनं बादली आनायची हाय."