टिल्लीच्या घराला पत्रा

एक होतं चिंचेचं झाड. झाडाखाली होतं नसीमआपांचं वर्कशॉप. आणि वर्कशॉपच्या अंगणात होता एक ट्रक.

केवढा जुना ट्रक! गोल गोल नाक. मोठे मोठे दोन दिवे. अंगावर गंजच गंज.

हा ट्रक होता येसूमामांचा. येसूमामा शेजारीच चहा विकायचे. भजी तळायचे.

मामा म्हणाले होते, "आपा, माझा ट्रक नवा करा. याला कुठं लांब न्यायचं नाही. इथंच चिंचेखाली उभा करीन. आत बसून भजी तळीन. पण याचं गोल नाक तस्संच ठेवा हं!"

"ठेवते की!" आपा म्हणाल्या.

ट्रकला दोन दारं. अलीकडचं दार सगळे उघडायचे. पलीकडचं कुणीच उघडायचं नाही. त्या दाराच्या पोटात राहायची एक खार. तिचं नाव टिल्ली. आत मऊ मऊ कापूस. कापसात टिल्लीचं एवढुस्सं पिल्लू.

एके सकाळी काय झालं?

दाराचा गंजका पत्रा वाजला. कर्र... कर्र... भस्सकन! दाराला खाली पडलं भोक. कापूस पडला भुसकन. पिल्लू पडलं टुपकन!

"चीं चीं! चीं चीं!"

कापसावर पडलं, म्हणून लागलं नाही. टिल्लीनं पिल्लाला अलगद तोंडात धरलं. रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. पण डब्याला झाकण नव्हतं. आणि अंगणात होता बोका!

टिल्ली गेली दाराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दारोबा दारोबा, माझं घर मला द्या.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

दार म्हणालं, "कसं देऊ? माझ्या पोटाला भोक पडलंय. मशीननं नवा पत्रा जोडला, तरच घर देईन. नाहीतर नाही, जा!"

टिल्ली गेली वेल्डिंगच्या मशीनकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मशीनराव मशीनराव, दाराला पत्रा जोडा.
दार घर देईना.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

मशीन गुरगुरलं, "घुंऽऽ! दाराचं पोट गोल. पत्रा वाकून आला, तरच जोडीन. नाहीतर नाही, जा!"

टिल्ली गेली पत्र्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पत्रा भिंतीला टेकून उभा होता. उन्हात चकचक करत होता.

"पत्रोबा पत्रोबा, वाकून या.
मशीन जोडेना.
दार घर देईना.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

पत्रा थरथरला. "खळळ खळळ! मी सरळसोट. आपला आपण वाकत नाही. हातोडीनं ठोकलं, तरच वाकीन. नाहीतर नाही, जा!"

टिल्ली गेली हातोडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हातोडीबाई हातोडीबाई, पत्र्याला ठोका.
पत्रा वाकेना.
मशीन जोडेना.
दार घर देईना.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

हातोडी म्हणाली, "एवढ्या मोठ्या पत्र्याला? अगं बाई! दमून जाईन मी. कातरीनं तुकडा कापला, तरच ठोकीन. नाहीतर नाही, जा!"

टिल्ली गेली कातरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कातरबाई कातरबाई, तुकडा कापा.
हातोडी ठोकेना.
पत्रा वाकेना.
मशीन जोडेना.
दार घर देईना.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

कातर म्हणाली, "कच कच! कापीन की. पण कुठं कापू? इथं? का तिथं? खडूनं रेघ मारली, तरच कापीन. नाहीतर नाही, जा!"

टिल्ली गेली खडूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. खडू खिडकीत लोळत पडला होता.

"खडूराव खडूराव, रेघ मारा.
कातर कापेना.
हातोडी ठोकेना.
पत्रा वाकेना.
मशीन जोडेना.
दार घर देईना.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

खडू म्हणाला, "मला ना हात, ना पाय. आपांनी उचललं, तरच रेघ मारीन. नाहीतर नाही, जा!"

टिल्ली गेली आपांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. आपा काहीतरी शोधत होत्या. स्टुलाखाली बघितलं. नाही! पेटीत बघितलं. नाही!

"आपा आपा, खडू उचला.
खडू रेघ मारेना.
कातर कापेना.
हातोडी ठोकेना.
पत्रा वाकेना.
मशीन जोडेना.
दार घर देईना.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

"अगंबाई!" आपा म्हणाल्या. "पिल्लू बाहेर आहे? लगेच करते. पण टिल्ले, माझा एक हातमोजा सापडत नाही. हा बघ, एकच आहे. पत्र्याला असते धार. बोट कापेल ना माझं! हातमोजा मिळाला, तरच खडू उचलीन. नाहीतर नाही गं, बाई!"

टिल्लीनं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. उन्हात झोपला होता बोका. घुर्र घुर्र. बोक्याच्या पोटाखालून काय डोकावत होतं?

हातमोज्याचा अंगठा!

बाप रे! आता बोक्याला उठवायचं?

पण डब्यात पिल्लू होतं ना! टिल्ली चढली ट्रकच्या गोल नाकावर. उंच बसली. तिथूनच हाक मारली.

"बोकोबा बोकोबा, जरा उठा.
आपा खडू उचलेनात.
खडू रेघ मारेना.
कातर कापेना.
हातोडी ठोकेना.
पत्रा वाकेना.
मशीन जोडेना.
दार घर देईना.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

बोक्यानं एक डोळा उघडला. "हातमोजा कसा मऊ मऊ. ऊन कसं छान छान. बशीभर दूध मिळालं, तरच उठीन. नाहीतर नाही, जा!"

मग बोक्यानं दुसरा डोळा उघडला. "आणि काय गं? त्या डब्यात चीं चीं काय वाजतंय?"

"क-क-काही नाही!" टिल्ली म्हणाली. आणि पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!

कुठं पळाली? येसूमामांकडे.

"मामा मामा, दूध द्या.
बोका उठेना.
आपा खडू उचलेनात.
खडू रेघ मारेना.
कातर कापेना.
हातोडी ठोकेना.
पत्रा वाकेना.
मशीन जोडेना.
दार घर देईना.
माझं पिल्लू झोपवू कुठं?"

येसूमामा कपाळाला हात लावून बसले होते. "कसलं दूध नि कसलं काय! भजी झाली. चटणी राहिली. चिंचच संपली माझी. झाड एवढं उंच. माझे दुखतात गुडघे. चिंचा मिळाल्या, तरच दूध देईन. नाहीतर नाही, जा!"

टिल्लीची शेपटी ताठ उभी राहिली.

"चिंचा? हात्तिच्या! चिंचा तर मीच आणते!"

आणि टिल्ली चढली झाडावर. सर्रर्र! सर्रर्र! शेंड्यापर्यंत सर्रर्र! कुरतड कुरतड, टप. कुरतड कुरतड, टप. टप टप टप टपाटप!

"अगं बास! बास!" मामा ओरडले. "माझ्या डोक्यावर पाडतेस होय?" आणि खो खो हसले.

मग काय झालं?

मामांनी दूध दिलं. बशीभर.
बोका उठला. लप लप, लप लप.
आपांनी हातमोजा उचलला. झटकला. "शी! सगळे केसच केस!" हातात घातला. खडू उचलला.
खडूनं रेघ मारली. सर्रर.
कातरीनं तुकडा कापला. कच कच, कच कच.
हातोडीनं ठोकलं. टण टण, टण टण.
पत्रा वाकला. थोडा वाकला. अजून थोडा वाकला.

आपांनी तुकडा दाराला लावून पाहिला. "हंऽऽ, इथं जरा वर येतोय." टण! अजून एकदा. आता बसला. अगदी बरोब्बर.

आपांनी तोंडावर काळी काच धरली. "चला, सगळ्यांनी डोळे मिटा! घट्ट मिटा!"

मामांनी डोळे मिटले. टिल्लीनं डोळे मिटले. तुम्हीसुद्धा मिटा.

घुंऽऽ! मशीननं पत्रा जोडला. चर्रर्र! तड तड तड! चर्रर्र! तड तड तड!

"उघडा!"

दाराचं पोट कसं झालं होतं? गोल, गोल, गुळगुळीत. भोक गायब!

टिल्ली धावली.

"थांब थांब!" आपा म्हणाल्या. "गरम आहे, पोळेल! गार होऊ दे."

टिल्लीनं फुंकर मारली. फूऽऽ. मामांनी फुंकर मारली. फूऽऽऽऽ!

तिकडं बोक्याचं दूध संपलं. बोक्यानं मिशा पुसल्या. बोका निघाला. कुणीकडं? डब्याकडं! एक पाऊल. दोन पावलं. तीन पावलं...

आपांनी हातमोजा काढला. दाराला बोट लावलं. "झालं गार! पळ, टिल्ले, पळ!"

टिल्ली पळाली. डब्यात शिरली. पिल्लाला तोंडात धरलं. टुणकन बाहेर. ट्रकवर सर्रर्र. खिडकीच्या फटीतून दाराच्या पोटात सुळकन!

बोक्यानं डब्यात डोकं घातलं. रिकामा!

"म्यांव?" बोका म्हणाला.

आणि दार काय म्हणालं? दार म्हणालं, "घे टिल्ले, तुझं घर तुला."

आपांनी कापूस झटकला. खिडकीच्या फटीतून हळूहळू आत सोडला. टिल्लीनं तो ओढून घेतला, गोल गोल केला, मध्ये पिल्लू ठेवलं. पिल्लानं जांभई दिली. एवढुश्शी.

येसूमामा आले. ताटलीत गरम गरम भजी. वर आंबट गोड चटणी. "आपा, खा गरम गरम!" मामा मोठ्यानं म्हणाले. "आणि मग दुसऱ्या दारालाही घ्या ठोकायला. टण टण होऊन जाऊ द्या!"

"शूऽऽ!" आपांनी ओठांवर बोट ठेवलं. हातोडी खाली ठेवली. मशीनचं बटण बंद केलं.

"टण टण उद्या," त्या हळूच म्हणाल्या. "आत बाळ झोपलंय."